मोरिवलीला दिसलेली लेन्स

माणसाचं पोट फाडून आत काही केलं असेल तर लोक विचारपूस करतात, चहा घेतात आणि आपापल्या घरी जातात. जरा टाके दाखवा, असं कुणी म्हणत नाही. पण डोळ्याचं ऑपरेशन झालं की तो डोळा सगळ्या मोरिवली गावाच्या मालकीचा होतो, असं भागीरथी पुढे कितीतरी वर्षं सांगायची, आणि दर वेळी सांगताना तिचा आवाज तितकाच चढायचा.

एक्याण्णव सालची गोष्ट. मोरिवलीत मोतीबिंदू काढलेली माणसं तोवर नव्हती असं नाही. पण ती सगळी बाटलीच्या बुडासारखे जाड चष्मे लावून फिरायची, आणि जिथे पायरी नाही तिथेही पाय उचलून टाकायची. डोळ्याच्या आतच लेन्स बसवून घेणारा, चष्म्याची कटकटच नको म्हणणारा पहिला माणूस म्हणजे भागीरथीचा नवरा शिवराम. अंबरनाथच्या एका रंगाच्या कंपनीत मुकादम होऊन तो रिटायर झाला होता. त्यांचा मुलगा बबन विठ्ठलवाडीला राहायचा, ऑफिसात नोकरी करायचा. त्याने हे लेन्सचं काढलं आणि उल्हासनगरचा डोळ्यांचा सिंधी डॉक्टर गाठून सगळं ठरवून टाकलं. शिवरामची अट एकच होती, जयंती होऊ दे. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत डोळ्याला पट्टी बांधून चालणं त्याला शोभलं नसतं.

आता हे ऑपरेशन म्हणजे साधी बाब नव्हती. शिवरामचा उजवा डोळा काचबिंदूने केव्हाच खाल्ला होता, आणि तो काही परत मिळण्यातला नव्हता. राहिला होता तो एकच डावा, आणि त्याच्यावरही मोतीबिंदू असा चढला होता की ताटातली भाजी कोणती हे तो चव घेऊन सांगायचा. मासे असले की भागीरथी काटे काढून त्याच्या पानात वाढायची. जेवताना तो मधूनच खोकायचा, पाणी प्यायचा. "घास चावून खा की जरा, कुणी हिसकावून नेत नाही," असं ती ओरडायची.

पण शिवरामला खरं दुःख जेवणाचं नव्हतं. पावसाळ्यात, वर्षावासाचे तीन महिने, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन व्हायचं, आणि ते वाचायचा मान वर्षानुवर्षं शिवरामचा. त्याचा आवाज लागला की मागे बसलेल्या बाया गप्प व्हायच्या. डोळा गेला तसा तो मान त्याच्या दोस्ताकडे, हरिचंद्रकडे गेला. हरिचंद्र त्याच कंपनीत वॉचमन होता. तो वाचायचाही वॉचमनसारखाच. प्रत्येक शब्दाला फाटकावर अडवायचा, कोण, कुठला, कशाला आलास विचारायचा आणि मग आत सोडायचा. एका पानाला अर्धी संध्याकाळ जायची. लोक "साधू साधू" म्हणायचे ते ग्रंथाला, की पान एकदाचं संपलं म्हणून, हे सांगणं कठीण होतं. शिवराम मान खाली घालून बसायचा. येताना वाटेत एकदा भागीरथीला म्हणाला होता, "हा एवढा डोळा परत आला ना भागा, तर मला दुसरं काही नको." भागीरथीने तेव्हा नुसतं हं केलं, पण ते वाक्य तिच्या मनात रुतून बसलं.

ऑपरेशन चांगलं झालं. घरी सोडताना डॉक्टरने भागीरथीला समोर बसवलं.

"अम्मा, ध्यान से सुनो. लेन्स एकदम काचेसारखी साफ आहे, ती बाहेरून कुणाला दिसत नाही. आत आहे, बस. औषध दिवसातून चार वेळा घालायचं. साबणाने हात धुवायचे. बाटलीचं तोंड डोळ्याला लागू द्यायचं नाही. घरात भीड नको, गर्दी नको. आणि दुखलं, लाल झालं, कमी दिसायला लागलं, तर टाइम बघायचा नाही. सीधा इधर."

भागीरथीने सगळं नीट ऐकलं. अडचण एकच होती. जिवंत खेकड्याच्या नांग्या मोडणारी ही बाई, पण कापलेला डोळा बघायचा म्हटलं की तिच्या पायातलं बळ जायचं. पहिल्या दिवशी तिने पट्टी सोडवायला हात पुढे केला आणि तिथेच मटकन खाली बसली.

"दे इकडे बाटली," रखमा म्हणाली.

रखमा शेजारची. एकेकाळी ती एका बाळंतपणाच्या दवाखान्यात आया होती, आणि तेव्हापासून आळीतलं कुणाचंही दुखणं तिला आपल्याच खात्यातलं वाटायचं. भागीरथी म्हणाली, "रखमा, हात धुवायचेत, साबणाने." रखमाने आपले दोन्ही हात तिच्यापुढे धरले. "या हातांनी आळीतली निम्मी पोरं झेललीत, भागाबाई. तुझ्या बबनला पण." एवढं बोलून तिने ते हात पदराला पुसले आणि कामाला लागली. थेंब वाया जाऊ नये म्हणून बाटलीचं तोंड अगदी पापणीवर टेकवायची. हात मात्र स्थिर, तेवढं मानलं पाहिजे.

आणि उजेड कमी पडतो म्हणून हरिचंद्र बॅटरी घेऊन आला.

ही बॅटरी कंपनीच्या काळातली होती. तीन सेलची, हातभर लांब, कंपाउंडच्या या टोकावरून त्या टोकाचा माणूस दाखवणारी. ती शिवरामच्या डोळ्यावर धरून हरिचंद्र उभा राहिला, रखमाने थेंब टाकला, आणि हरिचंद्र वाकून म्हणाला, "आता पट्टी उघडलीच आहे तर लेन्स बघून घेतो जरा."

इथून सुरुवात झाली. औषध चार वेळा, म्हणून खेळही चार. सकाळचा, दुपारचा, संध्याकाळचा आणि रात्री जेवणानंतरचा. सकाळच्याला म्हाताऱ्या, दुपारी बाया, संध्याकाळी कंपनीतून सुटलेली माणसं. शिवराम ओट्यावर खुर्ची टाकून बसायचा, मान मागे, डोळा वर. एकेक जण पुढे यायचा, "जय भीम मुकादम" म्हणायचा आणि वाकून डोळ्यात बघायचा. शिंकणारे शिंकायचे, खोकणारे खोकायचे. एकाने तर नीट दिसेना म्हणून बोटाने पापणी वर केली. शिवराम प्रत्येकाला सांगायचा, "काही दुखत नाही. मुंगी चावली असती तर कळलं असतं." आयुष्यभर त्याने दुसऱ्यांच्या कामावर नजर ठेवली होती, आता सगळं गाव त्याच्या नजरेवर नजर ठेवून होतं, आणि खोटं कशाला बोला, त्याला ते आवडत होतं.

भागीरथी आत चहा करत होती. चहा, पुन्हा चहा, वर आणखी चहा. एका खेळाला तिने साखरेच्या जागी मीठ टाकलं आणि सगळ्यांनी तो चहा गुमान पिऊन टाकला, कारण लेन्स बघायची होती. "या बल्बमध्ये काही दम नाही," भागीरथी म्हणाली, "डबे ओळखू येत नाहीत." ती अधूनमधून बाहेर येऊन ओरडायची, "डॉक्टरांनी भीड नको म्हटलंय."

"ही भीड कुठं," रखमा म्हणायची, "ही तर घरचीच माणसं."

खरंच घरचीच होती. सांगायचं ते भागीरथीने सांगितलं होतं, आणि आलेल्या माणसाला ओट्यावरून हाकलून लावणं तिच्या आईने तिला शिकवलं नव्हतं. ती चडफडत आत जायची आणि पुन्हा आधण ठेवायची.

पण खेळात एक मोठी खोट होती. लेन्स कुणाला दिसत नव्हती. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, माणसं वाकून वाकून बघत होती आणि हिरमुसली होऊन उठत होती. दिसायचा तो नुसता डोळा. तो काय, प्रत्येकाच्या घरी होता.

"आत खोल बसवली असेल," कुणी म्हणालं.

"बसवलीच नसेल," दुसरं म्हणालं. "कोण बघायला गेलंय?"

मग उल्हासनगरचा विषय निघाला, आणि तो निघाला की लवकर संपत नाही. तिथे फॉरेनचा शिक्का मारलेली कुठली वस्तू मिळत नाही, घड्याळ घ्या, सेंट घ्या, पॅन्ट घ्या, मग लेन्सचं काय घेऊन बसलात, यावर ओट्यावर बराच खल झाला. भागीरथीने आतून ओरडून सांगितलं, "डॉक्टर म्हणालाय, ती दिसत नाही." त्यावर सगळे एकमेकांकडे बघून हसले. न दिसणारी वस्तू विकणारा हा पहिलाच व्यापारी, असं कुणीतरी म्हणालं.

शिवरामच्या हे जिव्हारी लागलं. त्याने डॉक्टरची एवढी तारीफ केली होती. पुढच्या खेळाला त्याने डोळा इतका ताणून उघडला की रखमा म्हणाली, "मुकादम, बाहेर पडेल."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हरिचंद्र बॅटरी घेऊन वाकला आणि तसाच राहिला.

"थांबा," तो म्हणाला. "दिसली."

हरिचंद्रने बॅटरी थोडी तिरकी केली. "खाली आहे. काळ्या बुबुळाच्या खालच्या बाजूला. पांढरी. चंद्राच्या कोरीसारखी."

मग काय विचारता. गेल्या दोन दिवसांत जे येऊन गेले होते ते पुन्हा आले, जे यायचे होते ते हातातलं काम टाकून आले. प्रत्येकाला ती पांढरी कोर दिसली आणि प्रत्येकाला आनंद झाला. डॉक्टरला नावं ठेवणाऱ्याने ओट्यावर उभं राहून आपले शब्द मागे घेतले. कुणीतरी जाऊन गरम जिलेबी आणली. रखमाने भागीरथीला आत येऊन सांगितलं, "चल ना, बघ तरी एकदा. सगळ्या गावाने बघितली, घरच्या बाईने नाही."

"मला नाही बघवत," भागीरथी म्हणाली. "बसली ना नीट, मग झालं."

पण शिवरामने जिलेबीला हात लावला नाही, हे तिच्या ध्यानात आलं. शिवराम आणि जिलेबी नको? तो भिंतीकडे तोंड करून बसला होता, आणि पट्टी बांधलेली असूनही दारातल्या उजेडाकडे पाठ करत होता.

"दुखतंय का हो?"

"छे. लेन्स बसतेय. नवी चप्पल चार दिवस चावतेच."

हे तिला पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं. चप्पल चावते, हे खरंच होतं.

चौथ्या दिवशी सकाळचा खेळ सुरू झाला तेव्हा भागीरथी आत चहा गाळत होती. बाहेर बॅटरी लागली. आणि हरिचंद्रचा आवाज आला, अगदी कौतुकाचा, घरातलं पोर अंगाने भरलं की म्हणतात तसा:

"कालपेक्षा मोठी झाली रे."

"हो की," रखमा म्हणाली. "काल एवढीशी होती."

भागीरथीने हातातली सांडशी खाली ठेवली. मोठी झाली? लेन्स मोठी कशी होईल? माणसाने कारखान्यात बनवलेली वस्तू ती. तिच्या घरात वीस वर्षांपासून एक प्लास्टिकचा कंगवा होता, तो काही तसूभर वाढला नव्हता. आणि डॉक्टर म्हणाला होता, दिसत नाही. सगळ्या गावाला दिसते ती लेन्स नाही, तर मग काय आहे ते?

ती बाहेर आली. तिने हरिचंद्रच्या हातातली बॅटरी काढून घेतली, रखमाला बाजूला केलं आणि ज्या डोळ्याकडे बघायला ती चार दिवस भीत होती त्याच्यात वाकून बघितलं. तिला स्वतःला हल्ली जवळ गेल्याशिवाय नीट दिसायचं नाही, म्हणून ती अगदी नाकाला नाक लागेपर्यंत गेली. डोळा लालबुंद होता. पापणी सुजून जड झाली होती. आणि काळ्या बुबुळाच्या तळाशी पांढरा थर साचला होता, दाट, दह्याच्या सायीसारखा. जखमेत असा थर तिने आयुष्यात पुष्कळदा बघितला होता. त्याला लेन्स म्हणत नाहीत, त्याला पू म्हणतात.

तिच्या पायातलं बळ गेलं नाही. उलट आलं.

"उठा," बॅटरी हरिचंद्रच्या हातात कोंबत ती म्हणाली. "दवाखान्यात चला."

"उद्या तर बोलावलंयच," शिवराम म्हणाला. "आज संध्याकाळी विहारातली माणसं यायची आहेत. यंदाच्या वाचनाचं ठरवायला."

"खड्ड्यात गेलं वाचन. खरं सांगा, दुखतंय?"

शिवरामने मान फिरवली.

"दुखतंय," तो शेवटी म्हणाला. "कालपासून. कवटी फुटेल असं."

"आणि दिसतंय?"

"पहिल्या दिवशी रखमाने पट्टी काढली ना, तेव्हा तू दारात उभी होतीस. तुझ्या लुगड्याचा हिरवा रंग मला दिसला. इतका हिरवा मी विसरलोच होतो." तो थांबला. "आज नुसता धूर दिसतोय, भागा."

भागीरथीला त्याच्या कानाखाली एक द्यावीशी वाटली आणि त्याला पोटाशी धरून रडावंसं वाटलं, आणि दोन्हीला वेळ नव्हता. ती गरजली, "रिक्षा आणा कुणीतरी. बघत काय बसलाय, चार दिवस बघतच बसलाय सगळे."

रिक्षा आली. सगळ्या मोरिवलीला त्या रिक्षात बसायचं होतं. भागीरथीने एकट्या हरिचंद्रला घेतलं, कारण शिवरामला दुसऱ्या बाजूने धरायला कुणीतरी हवं होतं. पार उल्हासनगर आल्यावर हरिचंद्रच्या लक्षात आलं की बॅटरी अजून हातात आहे आणि चालूच आहे. त्याने ती विझवली आणि सदऱ्याखाली लपवली.

डॉक्टरने डोळा बघितला. मग सिस्टरला हाक मारून भराभर काय काय आणायला सांगितलं आणि भागीरथीकडे वळला.

"अम्मा, ये पट्टी किसने खोली? कुणी कुणी हात लावला?"

"डोळा कुणी उघडला ते विचारू नका, डॉक्टरसाहेब," भागीरथी म्हणाली. "कुणी नाही बघितला ते विचारा. आज सकाळपर्यंत दोघंच होती. एक मी आणि एक हे स्वतः."

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिला. हरिचंद्रच्या सदऱ्याखालून बॅटरी निसटली आणि खणकन फरशीवर पडली. डॉक्टरने बॅटरीकडे बघितलं, हरिचंद्रकडे बघितलं, आणि कपाळाला हात लावला.

"ही लेन्स नाही, पू आहे. डोळ्याच्या आत जंतू गेलेत," तो म्हणाला. "आज आणलंत म्हणून मी काहीतरी करू शकतो. उद्या आणलं असतं तर डोळा काढण्याचीच बात केली असती. आता डोळ्यातच इंजेक्शन द्यावं लागेल. वाचेल, असा शब्द मी देत नाही. कोशिश करतो."

शिवरामला आत नेलं. भागीरथी बाहेरच्या बाकावर बसली. चार दिवसांत तिने केलेला प्रत्येक चहा तिला आठवत होता. तेवढ्या वेळा तिने दाराला आतून कडी लावली असती तर लोक काय म्हणाले असते? रागावले असते. मग रागावू द्यायचं होतं. नळावर जाऊन तोंड धुते असं सांगून ती उठली आणि तिथे नळ सोडून पोटभर रडली. हरिचंद्रला ते कळलं, पण त्याने भिंतीवरचा डोळ्याचा तक्ता वाचत असल्याचं दाखवलं, आणि नेहमीसारखा एकेका अक्षरापाशी थांबत राहिला.

शिवरामला दवाखान्यात ठेवून घेतलं. इंजेक्शनं, सलाईन, तासातासाला थेंब, आणि थेंब टाकणारी सिस्टर दर वेळी कोपरापर्यंत हात धुवायची. भागीरथी ते डोळे भरून बघायची. आता मात्र मोरिवली बघायला येईना. माणसं रोज यायची, पण आत पाऊल टाकायची नाहीत. दवाखान्याच्या समोरच्या फुटपाथवर उभी राहायची, भागीरथी खिडकीत आली की लांबूनच हाताने विचारायची, कसं आहे, आणि तिने हात हलवला की निघून जायची. तिथल्या एका सिंधी दुकानदाराला वाटलं, कसला तरी मोर्चा आहे.

रखमा मात्र त्यांच्यातही नसायची. ती पलीकडच्या रसवंतीच्या बाकावर एकटी, पाठ करून बसायची. चार-पाच दिवस भागीरथीने ते खिडकीतून बघितलं आणि बघून न बघितल्यासारखं केलं. रागच तेवढा होता. मग एक दिवस ती रस्ता ओलांडून गेली.

"मी हात धुतले नाहीत, भागाबाई," रखमा म्हणाली. ती वर बघत नव्हती. "तू सांगितलं होतंस."

"सांगितलं होतं. आणि तू ऐकलं नाहीस म्हणून मी तुझ्या हातातली बाटली काढून घ्यायला पाहिजे होती. घेतली नाही." भागीरथी तिच्या शेजारी बसली. "राग आहे मला तुझा, अजून आहे. पण इथे रसवंतीत बसून तो कमी होत नाही. वर चल, डबा एकटीला संपत नाही." मग पुढे म्हणाली, "आधी हात धू."

रखमाने रसवंतीच्या नळावर हात धुतले. इतके धुतले की रसवाला म्हणाला, "मावशी, पानी का बिल अलग से आएगा।"

पू उतरला. हळूहळू, पण उतरला. एक दिवस डॉक्टरने शिवरामला खुर्चीत बसवलं आणि समोर उभं राहून हात वर केला.

"किती बोटं?"

शिवराम डोळा ताणून बघत होता. मागे भिंतीला टेकून उभा असलेला हरिचंद्र दोनदा खोकला.

"दोन," शिवराम म्हणाला.

"आता?"

हरिचंद्रला तीनदा खोकला आला. "तीन," शिवराम म्हणाला.

"हरिचंद्र, बाहेर हो," भागीरथी म्हणाली. "शाळेतली परीक्षा आहे का ही? पास करून काय उपयोग, दिसायला पाहिजे."

हरिचंद्र बाहेर गेला. डॉक्टरने पुन्हा हात वर केला. आता खोकायला कुणी नव्हतं. शिवरामने मान थोडी तिरकी केली, पुढे झुकला, आणि बराच वेळ बघत राहिला.

"दोन," तो म्हणाला. "आणि एका बोटात खड्याची अंगठी आहे."

डॉक्टर हसला. मग त्याने खरं ते सांगितलं. नजर जितकी यायला हवी होती तितकी येणार नाही, अर्धीमुर्धी येईल. मोठी अक्षरं दिसतील, बारीक भिंगाने वाचावी लागतील. शिवरामने मान डोलावली. भागीरथीने हात जोडले, आणि त्या दिवशी घरी परतताना रिक्षावाल्यालाही जोडले.

घरी आल्यावर ओट्यावर कुणी चढलं नाही. औषध भागीरथीने स्वतः घातलं, हात धुऊन, न डगमगता, आणि डोळ्याच्या अगदी जवळ वाकून.

आषाढी पौर्णिमेच्या आदल्या दिवशीची गोष्ट. दुसऱ्या दिवसापासून वर्षावास सुरू व्हायचा होता. ठरलं होतं असं की पहिलं पान भिंग घेऊन शिवराम वाचणार, आणि त्याचा डोळा दमला की पुढचं हरिचंद्र वाचणार. लवकर दमू नकोस, असं प्रत्येक जण शिवरामला परोपरीने सांगून गेला होता. त्या संध्याकाळी भागीरथीने बांगड्याचं कालवण केलं. दोघं जेवायला बसली. तिने नेहमीसारखी आधी शिवरामची ताटली पुढ्यात ओढली, बांगडा सोडवला, काटे काढून ताटलीच्या कडेला ठेवले आणि ताटली त्याच्याकडे सरकवली.

शिवरामने घास घेतला नाही. तो ताटलीवर वाकला. मग दोन बोटांनी मासा उलगडला आणि एक काटा काढला. त्याच्या शेजारी दुसरा काढला. मग आणखी एक, चांगला बोटाएवढा.

भागीरथी बघत होती. तिला आधी कळलंच नाही काय चाललंय. मग कळलं की हा माणूस बघून काटे काढतोय.

"दिसतात तुम्हाला?" ती म्हणाली.

"दिसतात." शिवराम काटे ओळीने मांडत होता. "तुला कधीपासून दिसत नाहीत?"

"बल्बमध्ये दम नाही."

"बल्ब बबनने परवा बदलला, शंभराचा." त्याने मान वर करून तिच्याकडे बघितलं, तिच्या डोळ्यांकडे, बराच वेळ. "गेलं वर्षभर मी काटे गिळतोय, भागा. वाटलं, ही एवढं करते, हिला काय बोलायचं."

दुखणं लपवलं म्हणून या माणसाला तिने दवाखान्यात, रिक्षात, ओट्यावर, सगळीकडे फैलावर घेतलं होतं. ती पदराशी चाळा करत बसली. मिठाचा चहा, न ओवता पडून राहिलेल्या सुया, बोलल्याशिवाय ओळखू न येणारी माणसं, सगळं तिला एकदम आठवलं.

शिवरामने तिची ताटली आपल्याकडे ओढली, वाकून तिच्यातले काटे काढले आणि परत तिच्यापुढे ठेवली.

"पाऊस कमी झाला की जाऊ उल्हासनगरला," तो म्हणाला.

"रखमाला सांगायचं नाही," भागीरथी म्हणाली. "हरिचंद्रला तर मुळीच नाही. कुणालाच नाही."

"नाही सांगत. पण मग औषध कोण घालणार?"

भागीरथीने पहिला घास घेतला. काटा लागला नाही.

"तुम्ही घालायचं," ती म्हणाली. "हात धुऊन."